घट्ट, मऊ, पातळ

३ नोव्हेंबर, सोमवार

डुकराच्या गुवाचा वास चार दिवसांत येईनासा होतो, असं शेडचे मालक धाकूकाका म्हणाले होते. आज पाचवा दिवस. येतो!

खोलीवर परतले तर राहीने दार अर्धंच उघडलं. "आधी मोरीत जा. चप्पल बाहेर. तू पण शक्यतो बाहेर." राही नर्सिंगला आहे. मी म्हटलं, तू दिवसभर काय उचलतेस गं? "माणसांचं," म्हणाली. जसं काही माणसांचं चंदनच असतं! तिला समजावलं की माणसाचं आतडं आणि डुकराचं आतडं यांत फार फरक नाही, आत राहणारे जंतूही बरेचसे एकमेकांच्या नात्यातले. "मग भाऊबीजेला बोलव त्यांना," म्हणाली आणि साबण फेकला.

अहवालात 'विष्ठा' लिहायचं असं कॉलेजच्या मॅडमनी बजावलंय. इथे 'गू' लिहिणार. कुठेतरी खरं बोलायला जागा हवी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

धाकूकाका तयार झाले!!

सगळं नीट लिहून ठेवते, कारण आज मी एक मूर्खपणाही केलाय.

धाकूकाका तीस वर्षं जहाजावर भटारखान्यात होते. रिटायर झाल्यावर लोक आंब्याची कलमं लावतात. यांनी मिरजोळ्याच्या एमआयडीसीपलीकडे कातळावर शेड घातली आणि डुकरं आणली. भाऊबंद अजून चहालाही येत नाहीत. हॉटेलांचं उरलंसुरलं येतं ते काका मोठ्या टोपात पुन्हा उकळतात, आणि मी डोळ्यांनी पाहिलंय, मीठ चाखून बघतात! मग पितळी घंटा वाजवतात. डुकरं रांगेत. "जहाजावर पण हेच करायचो," म्हणतात. "फरक इतकाच, ही नावं ठेवत नाहीत."

तर भानगड अशी. पिल्लांचं आईचं दूध तोडलं की पुढचे पंधरा दिवस वाईट. पोटातली सगळी वस्ती बदलते. दुधावर जगणारे चांगले जंतू उपाशी मरतात, त्यांची जागा उपद्रवी घेतात, आणि लागते हगवण. पिल्लू दोन दिवसांत वाळून चिंधी होतं. म्हणून सगळेच जण पहिल्या दिवसापासून खाण्यात पावडर टाकतात. जंतू मारायची. आजारी असो, नसो! त्या पावडरीने वाईट मरतात तसे चांगलेही मरतात, आणि जे तिला पुरून उरतात ते असे निबर होतात की पुढे कुठल्याच औषधाला जुमानत नाहीत. ते जातात कुठे? गटारात, मातीत, आपल्यात. हे बोलताना माझा आवाज चढतो. राही म्हणते मी निवडणुकीला उभी असल्यासारखी बोलते.

आमच्या कॉलेजचा प्रकल्प त्यावरच आहे. शेडमधली सगळ्यात म्हातारी डुकरीण, नऊ वेतं झालेली, ठणठणीत. तिच्या गुवातून चांगले जंतू वेगळे काढायचे, प्रयोगशाळेत वाढवायचे आणि पिल्लांना खाण्यातून द्यायचे. थोडक्यात, आजीचा प्रसाद.

काका ऐकत होते. मग म्हणाले, "गेल्या साली पावडर आणायला दोन दिवस उशीर झाला. सात पिल्लं गेली. उचलून उचलून पुरली मी. आता चोवीस आहेत. बाय, पावडर बंद केली आणि ती पण गेली, तर?"

मॅडमनी सांगितलं होतं की शेतकऱ्याला कधीही खात्री द्यायची नाही, 'शक्यता' म्हणायचं. मी म्हणाले, "नाही जाणार. माझा शब्द."

"कॉलेजचा की तुझा?"

"माझा."

माझा शब्द! मला चोवीस वर्षं पूर्ण व्हायचीत, घरातली पहिली पदवी, आणि शब्द देऊन मोकळी. देवा, त्या पिल्लांची पोटं सांभाळ. बाकी मी बघते.

१० नोव्हेंबर, सोमवार

सुरुवात झाली. बारा पिल्लं दरवाज्याजवळच्या खणात, बारा भिंतीकडच्या. मी त्यांना 'अलीकडची' आणि 'पलीकडची' म्हणते. अलीकडच्यांना दिवसातून दोनदा बाटलीतले जंतू, कोमट पेजेत घालून. पलीकडच्यांना नुसती पेज. पावडर कोणालाच नाही. महिन्याने दोन्हीकडची वजनं, दोन्हीकडचा गू. फरक दिसला तर जंतूंनी काम केलं. सोप्पं आहे!

मी सोमवारी आणि गुरुवारी जाणार, नमुने घ्यायला आणि बाटल्या पोहोचवायला. रोज वाढणार मैनाकाकी. ती शेड झाडते, धुते, खाणं वाढते आणि सगळ्यांना फाडून खाते. तिला बाटली दाखवली, पळी दाखवली, खूण केलेली खाण्याची डोण दाखवली.

"कसलं आहे ता?"

सांगितलं. म्हातारीच्या पोटातलं, वगैरे.

बाटली हुंगली. "म्हणजे तिचा गू वाटून नातवांना पाजायचा."

"गू नाही गो काकी, त्यातले फक्त जंतू."

"याच्यासाठी बापसाने शिकवलंन तुला?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गुवाला गुण द्यायचे असतात. घट्ट – एक, मऊ – दोन, पातळ – तीन. कागद घेऊन उकिडवं बसायचं आणि कोणाचं कुठलं ते बघायचं. पिल्लांना वाटतं मी खायला आणलंय, ती माझे बूट चावतात.

आज चोवीसच्या चोवीस एक. शाळेत असताना कोणाचा वर्ग असा नव्हता.

मैनाकाकी बाटलीला 'तीर्थ' म्हणायला लागलीय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

घरी सांगितलं. आजपर्यंत 'प्रयोगशाळेत आहे' इतकंच सांगत होते. बाबांनी माझ्या पदवीचा कागद प्लॅस्टिकात घालून देवाशेजारी लावलाय. पाहुणे हळदीकुंकवाला आले तरी आधी तो बघावा लागतो. डुकराचं कसं सांगणार? पण लपवणं हेही खोटंच, म्हणून आज फोनवर बोलून टाकलं.

मग बाबा म्हणाले, "डुकरं?"

"हो."

"आपल्या खाचरात डुकरांनी उभं भात झोपवलंनी. मी पत्र्याचे डबे वाजवून वाजवून हात सुजवून घेतले. नि माझी पोरगी तिकडे त्यांची पोटं धरून बसलीय!"

"ती रानडुकरं बाबा. ही पाळीव आहेत."

"पाव्हणेच ना एकमेकांचे?"

विनोददादाला त्यांनी लगेच मुंबईला फोन केला असणार, कारण दहा मिनिटांत त्याचा मेसेज. नुसता डुकराचा चेहरा. खाली, 'अभिमान वाटतो.' गाढव!

मग आठ वाजता बाबांचा परत फोन. "वासरांना पण होते गो तशी. दूध तोडल्यावर. ह्यावर चालंल काय तुझं ता?" मला रडूच आलं. वासरांचं माहीत नाही म्हटलं, पण विचारलंत ते बरं केलंत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दहावा दिवस, सगळ्यात वाईट काळ. दोन पिल्लांचं मऊ. एक अलीकडचं, एक पलीकडचं. रात्री दोनदा उठून वही बघितली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

माझा वार नव्हता तरी गेले. दोन्ही घट्ट. काकांनी मला टोपातली पेज खायला दिली, डुकरांचीच, पण माझ्यासाठी वर लोणचं. खाल्ली. चांगली होती! राहीला सांगायचं नाही.

८ डिसेंबर, सोमवार

झालं. अठ्ठावीस दिवस, पावडरीचा कण नाही, चोवीसच्या चोवीस जिवंत! नुसती जिवंत नाहीत, टोणगी झालीत. काट्यावर चढवताना माझी कंबर गेली. चोवीस मोजून झाली तेव्हा काकांनी घंटा वाजवली. जेवणाची वेळ नसताना. सगळी शेड धावत आली आणि काहीच नाही म्हणून किंचाळत परत गेली.

शब्द राखला. राखला!

आता हे का लिहितेय मी रडक्यासारखी? कारण संध्याकाळी आकडे मांडले. अलीकडच्यांची वजनं आणि पलीकडच्यांची वजनं सारखीच. काडीचाही फरक नाही. म्हणजे ज्यांना बाटली मिळाली तीही मस्त, ज्यांना नाही मिळाली तीही मस्त. म्हणजे बाटलीचा उपयोग शून्य. मी महिनाभर स्कूटरवरून पाणी वाहिलं!

१० डिसेंबर, बुधवार

आज एक विचित्र गोष्ट. माझे जंतू काचेच्या ताटलीवर उगवले की दह्याच्या शिंतोड्यांसारखे दिसतात. पांढरे, गोल, टपोरे. थोडेफार सगळ्याच डुकरांत असतात. सुरुवातीच्या नमुन्यांत दोन्हीकडे विरळच होते. आता अलीकडच्यांच्या ताटल्या गच्च भरल्यात. बरोबर आहे, मीच घातलेत. पण पलीकडच्यांच्याही गच्च!

मी चिठ्ठ्या चुकीच्या चिकटवल्या. दुसरं काय असणार? बीएस्सी प्रथम श्रेणी, आणि डब्यावर नाव धड लावता येत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

चिठ्ठ्या बरोबर होत्या. काल स्वतः जाऊन पलीकडच्यांचे नमुने परत घेतले, एकेक डबा हातात धरून. आज ताटल्या बघितल्या, तेच. दह्याचा सडा.

तशीच शेडवर गेले. मैनाकाकी डोणी घासत होती. म्हटलं, काकी, खरं सांग हां. बाटलीतलं कोणाला घालायचीस?

"सगळ्यांना," म्हणाली. सरळ. घासणं थांबलं पण नाही.

"मी फक्त अलीकडच्यांना सांगितलं होतं ना?"

"होय. मी अर्धं-अर्धं केलं."

"पहिल्या दिवसापासून?"

"मग? बारा जणांना वाढायचं, नि बारा जणांनी जाळीतनं त्यांच्या तोंडाकडे बघायचं? पंगतीत वाढपी असा हात आखडता घेत नाय गो. पाप लागतं."

"अगो काकी, ती डुकरं आहेत!"

"म्हणून तर. माणसं निदान बोंब मारतील."

मी धाकूकाकांकडे गेले. वाटलं, ते तरी कपाळाला हात लावतील. ते टोप ढवळत म्हणाले, "मला ठाऊक होतं."

ठाऊक होतं!!

"तीस वर्षं ऑफिसरांचं वेगळं नि खलाशांचं वेगळं रांधलं," म्हणाले. "एकाच आगीवर. खलाशी यायचे नि ऑफिसरांच्या ताटांकडे बघून जायचे. माझ्या शेडमध्ये मला ता नको होतं. मैनाने केलंन, मी बघितलं नाय."

"पण मग मला सांगायचं तरी!"

"तू इचारलं नाहीस, बाय."

खरंच नव्हतं विचारलं. पळी दाखवली, बाटली दाखवली, डोण दाखवली. का द्यायचं नाही, हे दोघांपैकी कोणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटलं ते सांगायची गरज नाही! ते तर उघडच असतं. आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात.

१३ डिसेंबर, शनिवार

दिवसभर गादीवर. राही म्हणते, पण सगळी जगली ना? मग उलट छानच की, अर्ध्या मापात काम झालं. मी म्हटलं, झालं की नाही हेच तर माहीत नाही! माझ्या जंतूंनी जगवलं, की या वर्षी हवा बरी होती, की काका सगळं दोनदा उकळतात म्हणून जगली? कसं कळणार? ज्यांना काहीच दिलं नाही असं कोणी शिल्लकच नाही, ताडून बघायला.

"म्हणजे तुला न दिलेली हवी होती."

हो.

"आणि ती आजारी पडायला हवी होती."

"तसं नाही गं," म्हटलं. ती पोहे करायला गेली.

अहवाल असाही लिहिता येईल: अलीकडच्यांना दिलं, पलीकडच्यांना नाही, फरक पडला नाही, धन्यवाद. कोणाला कळणार नाही. पण ते खोटं आहे, आणि माझ्या जंतूंवर अन्याय आहे. सोमवारी मॅडमना सांगणार.

१५ डिसेंबर, सोमवार

सांगितलं. मॅडम आधी चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की शिपाई डोकावून गेला. "दीपाली, 'प्रयोगाची पद्धत' या भागात काय लिहू मी? 'पंगत बसली होती'?"

मीही हसले. मग त्या हसायच्या थांबल्या.

प्रकल्प फेब्रुवारीअखेर संपतो. जानेवारीत पुढच्या दोन डुकरिणींची पिल्लं दुधावरून तोडतील, पुन्हा चोवीस. एकदाच संधी. नीट झालं तर मॅडम जिल्ह्यातल्या सगळ्या पशुपालकांपुढे मांडणार, पावडर बंद करा म्हणून. नाही झालं तर फाइल बंद, मीही बंद, आणि सगळे सुखाने पावडर टाकत राहतील. "लोक शब्दावर पावडर सोडत नाहीत," म्हणाल्या. "पुराव्यावर पण क्वचितच. पण पुरावा तरी हवा."

१८ डिसेंबर, गुरुवार

काकांना परत विचारायचं म्हणजे माझी जीभ उचलेना. या वेळी सगळं सांगितलं. का द्यायचं नाही तेसुद्धा.

"माझी चोवीस जगली," म्हणाले. "मला पुरावा मिळाला. आता पुढच्या चोवीस जणांना सरळ पाज की तुझं तीर्थ."

"तुम्हाला मिळाला. बाकीच्यांचं काय? त्यांना कोण पटवणार? त्यांची पिल्लं पावडरीवरच राहणार, वर्षानुवर्षं. आपली बारा फक्त थोडे दिवस..."

काका बराच वेळ पळी आपटत होते. शेवटी तयार झाले, पण अट घातली. पलीकडच्यांत एकालाही पातळ झालं की तिथल्या तिथे त्याला उचलायचं. मीठ-साखरेचं पाणी, ऊब, बाटली, सगळं. आकडे मागून. "आधी पिल्लू, मग वही. कबूल?"

कबूल. अर्थातच कबूल! मी काय राक्षस आहे?

मैनाकाकी म्हणाली, "मी झाडीन, धुवीन. वाढणार नाय. तुझ्या हातानं वाढ."

१२ जानेवारी, सोमवार

नवी चोवीस. मागच्यांपेक्षा बारकी, कान केवढे! या वेळी मी स्वतः सकाळ-संध्याकाळ वाढणार. दोन झाडू, दोन बादल्या, दोन जोड बूट. जाळीला मध्ये गोणपाटाचा पडदा बांधला, म्हणजे एकमेकांच्या डोणीत तोंड नाही आणि बघणंही नाही.

मैनाकाकी कमरेवर हात ठेवून बघत होती. "सोवळं पण आलं."

"काकी, शास्त्र आहे हे."

"ते पण तेच म्हणायचे."

१३ जानेवारी, मंगळवार

पडद्याचा उपयोग नाही. दिसत नसलं तरी वास जातो. अलीकडच्यांची पेज ओतली की पलीकडची बारा पडद्याखालून नाकं घालतात. ओळीने बारा नाकं. त्यांनाही पेज आहे, पोटभर आहे, उपाशी कोणीच नाही. हे मी मनात तीनदा म्हटलं.

१५ जानेवारी, गुरुवार

दोन्हीकडे घट्ट. तीनच दिवस झालेत. धीर धर.

१७ जानेवारी, शनिवार

पलीकडे घट्ट! बाराच्या बारा घट्ट! आतडी आहेत की पत्रे?

मॅडमचा फोन, "काही दिसतंय का?" म्हटलं अजून नाही. "बघू, अजून आठवडा आहे," म्हणाल्या. आवाज पडलेला.

या वेळीही फरक दिसला नाही तर संपलं. मग लोक पावडर टाकत राहतील, आणि मी लांज्याला घरी जाऊन बाबांबरोबर डबे वाजवीन.

१८ जानेवारी, रविवार

बाबांचा फोन. "काय म्हणतायत पाव्हणे?" ठणठणीत आहेत म्हटलं. "मग तोंड का पाडून बोलतेस?"

१९ जानेवारी, सोमवार

पलीकडे एकाचं मऊ!! डाव्या कानाला डाग असलेलं. दहा मिनिटं तिथेच बसून राहिले, अजून कोणाचं होतंय का बघत. काकांनी विचारलं, "काय हरवलंय काय?" काही नाही म्हटलं. दोन गुण म्हणजे फक्त मऊ. अट पातळची आहे. त्यामुळे त्याला काही दिलं नाही. नियमाप्रमाणेच आहे.

२० जानेवारी, मंगळवार

डाग्याचं आज परत घट्ट. इतकी चिडले की स्कूटरला लाथ मारली, अंगठा सुजलाय.

राहीने विचारलं काय झालं. "परत घट्ट झालं गं त्याचं."

"मग चांगलं ना?"

हो. म्हणजे... हो.

२१ जानेवारी, बुधवार

लागली! पलीकडे पाच पिल्लांना, पाण्यासारखं पातळ. अलीकडे बाराही घट्ट!

मी ओरडले. "लागली, लागली!" म्हणून बुटांसकट उडी मारली. फोटो काढले, पाचही जागांचे. वहीत पाच वेळा तीन लिहिलं. मॅडमना फोन लावला, त्याही "अगं वा!" म्हणाल्या, मी दोनदा सगळं सांगितलं. बोलता बोलता वळले तर मैनाकाकी पलीकडच्या खणात, ओल्या जमिनीवर मांडी घालून बसलेली. डाग्या तिच्या पदरात गुंडाळलेला, मान टाकलेली. वाटीने त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. उरलेली चार तिने आधीच पोत्यावर घेतली होती. कधीपासून बसली होती, मला कळलंच नाही. माझा फोन संपेपर्यंत थांबली.

"पेढे आणू काय गो?" म्हणाली.